कूलरचा आवाज अन् लेकीचा घोट

माही पोरगी आठ महिने बी पुरे पोटात राह्यली नाई. पयलं बाळंतपन माहेरी, हिवरखेडले होनार होतं. आईनं डिंक अन् खारका आनून ठेवल्या होत्या, बाज कसून ठेवली होती. पन मे महिन्यातल्या एका सकाळी, राजापेठेतल्या आमच्या घरी, भांडे घासता घासता माह्या कमरेत कळ आली अन् दिवस मावळाच्या आत ती झाली बी. माहेर राह्यलं तठीच. मी सासरीच बाळंतीन झाली, वीस वर्षाची, नववी शिकलेली, अन् लेकरू कसं धरतेत हे बी मले धड ठाऊक नव्हतं.

बारा दिवस ती दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. मी बाहेरून पाहत राहो. हात लावू देत नसत. नाकात नळी, पायाले पट्टी, अन् छाती अशी हाले की मले वाटे आता थांबते का मंग थांबते. तेराव्या दिवशी, मंगळवारी, घरी देल्ली तवा वजन होतं एक किलो आठशे. डॉक्टरीनबाईनं मले समोर बसवलं अन् सांगतलं, "दर दोन तासांनी अंगावर पाजायचं. नुसती ओढते एवढ्यावर जाऊ नका. गिळते का ते कान देऊन ऐका. घोटाचा आवाज आला म्हणजे दूध पोटात गेलं. खोली थंड ठेवा, पण गार वारा अंगावर नको. पुढच्या सोमवारी वजन करू. वाढलं तर घरी. नाही वाढलं तर पुन्हा पेटीत ठेवावं लागेल."

मी मान हालवली. मले त्यातले दोनच शब्द ऐकू आले, घोट अन् पेटी.

माह्या सासूले मी आत्याबाई म्हनतो. त्या वरूडच्या. त्यायच्या माहेरी संत्र्याच्या पेट्या भराचं काम होतं, लगनाच्या आदी बी त्या तेच करत अन् लगनानंतर बी बहाराच्या दिवसात तठी जाऊन महिना-महिना राहत. त्यायचं बोलनं असं की नव्या मानसाले वाटन भांडूनच राहिल्या. अन् ळ चा त्या य करतेत, फळाले फय म्हनतेत. मी त्यायले लय भेत होती. माह्या हातून कप फुटला तं मी तुकडे पदरात बांधून माहेरी नेऊन फेकले होते, एवढी भेत होती.

मी दवाखान्यात होती तवाच त्यायनं खोली तयार करून ठेवली. बाळंतिनीले वारं बाधलं की जलमभर डोकं दुखते, दात हालतेत, कंबर धरते, हे आमच्याकडं साऱ्याच बाया मानतेत, माही आई बी मानते. अन् आत्याबाईचं तं सवतःचं डोकं पयल्या बाळंतपनापासून दुखते, हिवाळ्यात त्या कपाळाले पट्टी बांधूनच फिरतेत. म्हनून खिडकीच्या फटीत लुगड्याच्या चिंध्या ठासल्या होत्या. बाजेच्या मांगच्या भिंतीत छताजोळ झरोका होता, त्यात पुठ्ठा. दाराखाली पोत्याची घडी. मले म्हनल्या, "कानात कापूस घाल, वरून रुमाल बांध." मी घातला, बांधला. नाई कोन म्हनन?

आता खोली अशी चारीकडून बंद, अन् बाहेर अमरावतीचा मे महिना. दुपारी रस्त्याचं डांबर चपलेले चिकटते. तं कूलर लावाच लागते. आमचा कूलर खिडकीतला नाई. खिडकी गल्लीत उघडते, गल्लीतून दिवसभर ट्यूशनच्या पोरायच्या गाड्या, तठी कूलर ठेवाले जागाच नाई. म्हनून माह्या मालकानं मांगच्या वर्षी गच्चीवर मोठा टिनाचा कूलर बसवला अन् तठून चौकोनी टिनाचं नळकांडं भिंतीतून खालतं आनलं. त्याले डक्ट म्हनतेत. ते माह्या खोलीत बाजेच्या समोर, वरतं निघते, तोंडाले टिनाच्या पट्ट्यायची जाळी. थंडा वारा त्या जाळीतून येते. आला-गेला त्याले हे दाखवत, "पाहा, आवाज तरी आहे का?" मांगच्या वर्षी नव्हताच. मांगच्या वर्षी दार-खिडक्या उघड्या राहत.

या वर्षी कूलर सुरू केला अन् ती जाळी कोकलाले लागली. हूऽऽऽ असं, रिकाम्या शिशीच्या तोंडावर कोनी फुंकून राहिलं तसं, अन् त्याच्या खाली खडखडखड, टॅक्टरची रिकामी ट्रॉली खड्ड्यातून जाते तशी.

पोरगी तोंडात घे, दोन वढ वढे, अन् जाळीनं हूऽऽ केलं की दोनी हात फेकून दचके. सुटून जाय. मंग रडे, रडनं काय, मांजरीचं पिल्लू बरं, अन् रडून थकली की झोपून जाय. दोन घंट्यानं पुन्हा तेच. अन् जे दोन वढ वढले ते गिळले का नुसतेच चोखले, मले काही कळे नाई. कानात कापूस, वरून रुमाल, वरून तो भोंगा. मी तिच्या गळ्याले बोट लावून पाहो, हालते का म्हनून, तं माह्याच बोटाची नाडी लागे. कूलर बंद केला की दहा मिनिटात पोरगी लालबुंद होये, मान टाकून दे, मंग तं तोंडच उघडे नाई. मी लेकरू खांद्यावर घेऊन बटनाजोळ उभी राहो, चालू करू का बंद करू, चालू करू का बंद करू. बुधवार असाच गेला.

हे म्हनले, "अवं होऊन जाईन सवय. गल्लीत डीजे वाजते तवा बी लेकरं झोपतेतच ना?"

म्हनलं, "अवो, ते लेकरं तीन-तीन किलोचे असतेत."

तं हे मोबाईल पाहत बसले. पन पाहत नव्हते. एकच पान उघडून ठेवलं होतं.

आत्याबाईनं जाळीवर गोधडी टांगली. आवाज दबन म्हनून. दबनं दूर, गोधडी फुगली अन् तिच्या कडेनं अशी शीळ निघाली की पोरगी अंगभर थरथरली. मंग आत्याबाईले वाटलं खिडकीच्या फटीतून शीळ येऊन राहिली, म्हनून तठी अजून चिंध्या ठासल्या. तं आवाज अजून वाढला. मंग दाराच्या बाजूच्या फटीत बी कापड कोंबलं. जितकं आमी बुजवू तितकी ती जाळी वरडे. अन् आमाले दोघीले वाटे अजून कुठीतरी फट राह्यली.

आईचा हिवरखेडहून फोन आला. "काहीचा आवाज होय वं तो? घरात चक्की लावली का?"

म्हनलं, "कूलर आहे आई."

"बापा! पन खिडकी नको उघडू हो, माही माय. वारं बाधन."

मी फोनवर हो म्हनलं अन् फोन ठेवून रडली. पोरीचे पाय पाह्यले तं मांडीची कातडी अजून सैल दिसे, मोठ्या मानसाचा सदरा लहान्याले घातल्यावानी. सोमवार येऊन राहिला होता अन् माह्या लेकराच्या पोटात काय जाऊन राहिलं हे मले सांगता येत नव्हतं.

गुरुवारी मिस्तरी बलावला. पन्नाशीचा मानूस, मिशीले मेंदी लावलेला. गच्चीवर गेला, पात्यायले तेल देल्लं, बेअरिंग पाह्यलं, खालतं येऊन हात पुसले. म्हने, "पंखा चांगला आहे काकू. वारा जोरात आहे तं आवाज येईनच. वारा पाहिजे अन् आवाज नको, असं कसं चालन?"

आत्याबाई म्हनल्या, "काहून चालत नाई? तुही बायको सैपाक करते तं काय वरडूनच करते का?"

मिस्तरी म्हने, "हो."

आत्याबाईले हसू आलं, पन त्यायनं तोंड फिरवून खोकल्यावानी केलं. मिस्तरी निंगून गेला. आवाज राह्यला.

शुक्रवारी दुपारी मी बाजेवर पोरगी घेऊन बसली होती अन् आत्याबाई माह्यासाठी जेवन घेऊन आल्या. एका हातात ताट, दुसऱ्या हातात पान्याचा तांब्या, म्हनून त्यायनं दार पाठीनं ढकललं अन् आत आल्या. दाराखालची पोत्याची घडी अडकली, दार लागेना. त्या तशाच दारात, पाठीनं दार धरून उभ्या.

अन् हूऽऽ बंद झालं.

खडखड चालूच होती, पन तो भोंगा नाई. पोरगीनं एक वढ घेतला, दोन, तीन, चार, पाच.

"आता काय केलं तू?" आत्याबाई म्हनल्या.

मी घाबरली. "मी काही नाई केलं आत्याबाई."

"तुले कोन म्हनून राहिलं? थांब." त्यायनं ताट खालतं ठेवलं, पायानं पोतं सारलं अन् दार लावलं. हूऽऽऽ. उघडलं. गप. अर्धं लावलं. बारीक हूऽ. पुन्हा पुरं लावलं. पोरगी दचकली.

"आत्याबाई, लेकरू..."

"हो हो, एकच डाव अजून." एक डाव म्हनता म्हनता चार डाव केलं त्यायनं. मंग दार सताड उघडं टाकून फरशीवर बसल्या, दोनी पाय लांब करून. मी त्यायले दिवसाढवळ्या असं बसलेलं कधी पाह्यलं नव्हतं.

"आमच्या वरूडले," त्या म्हनल्या, माह्याशी नाई, दाराशीच बोलल्यावानी, "नवा मानूस कामाले आला का पेटीच्या फया एकाले एक घट्ट ठोके. त्याले वाटे लय मजबूत काम करून राहिलो. माहा बाप त्याले म्हने, अबे, आत फय हाय. फयाले वारा पाहिजे. आत जायाची वाट ठेवली तं बाहेर निंगाची बी ठेव. बोटभर फट सोड. अन् मी घरात काय केलं? खोलीले चारी बाजूनं फया ठोकल्या अन् वरून पंख्यानं वारा भरून राहिली. तो निंगन कुठून? तठीच जायीत अडकून वरडून राहिला तो."

त्यायनं खिडकीकडं पाह्यलं, त्यायनंच ठासलेल्या चिंध्यायकडं. हात आपोआप कपाळाकडं गेला, तेच दुखते त्या जागेवर. मले त्यायची भीती दिसली. तोपावेतो मले वाटे या घरात भेनारी मी एकटीच आहे.

"सोमवार कधी हाय?"

"तेरवा."

त्या उठल्या.

खिडकी नाई उघडली त्यायनं, खिडकी बाजेजोळ होती. कुंच्याच्या दांड्यानं जाळीच्या समोरच्या झरोक्यातला पुठ्ठा पाडला. मंग मले म्हनल्या, लेकराले घेऊन सैपाकघरात जाय. मी दारातून पाहत होती. त्यायनं एकटीनं बाज वढली अन् बरोबर जाळीच्या खालच्या कोपऱ्यात नेऊन लावली. मले वाटलं आता वारा थेट अंगावर पडन. त्यायनं उदबत्ती पेटवली, बाजेवर बसल्या, उदबत्ती आपल्या तोंडासमोर धरली. धूर सरळ वरतं गेला. पाक पुरुषभर वरतं गेला अन् तठून मोडला, अन् छताखालून झरोक्याकडं चालला, कोनी बोट धरून नेऊन राहिलं तसा. त्यायनं उशाले धरून पाह्यलं, पायथ्याले धरून पाह्यलं, जठी लेकराचं डोकं येईन तठी तं लय वेळ धरून ठेवली. दरवेळी धूर सरळ. मंग उदबत्ती इझवली, खोलीतला धूर निंगू देल्ला अन् मले बलावलं.

"वारा तुह्या डोक्यावरून जाईन. अंगावर नाई. बस."

मी बसली.

"तो कापूस काढ कानातला."

"अन् आई? आईनं इचारलं तं?"

"काढ म्हनलं ना. रुमाल राहू दे."

मी कापूस काढला. संध्याकाळी आईचा फोन आला तं आत्याबाईनं माह्या हातून घेतला. "विहीनबाई, खिडकी नाई पन झरोका उघडला, अन् तिच्या कानातला कापूस मी काढाले लावला. काही झालं तं माह्यावर. तिले काही बोलू नका." अन् फोन मले परत देल्ला. मी लगन होऊन आली तवापासून कोनी माह्या वाट्याचं बोलनं असं आपल्यावर घेतलं नव्हतं.

खडखड मातर होतीच. पोरगी आता दहा वढ घे, मंग एखादी खडखड जोरात झाली का सोडून दे. अन् घोट काही ऐकू येये नाई. शुक्रवारी संध्याकाळी आत्याबाई शिलाई मशीनवर बसल्या. जाड ताडपत्री होती घरी, पावसाळ्यात गाडीवर झाकाची, ती कापली अन् शिवू लागल्या. मी इचारलं काय होय तं म्हनल्या, "बाही."

शनिवारी ऊन चढाच्या आदी मिस्तरी आला. आत्याबाई त्याच्या मांगं गच्चीवर गेल्या. मी खालतं, लेकरू मांडीवर. कूलर बंद होता, अन् मले ठाऊक नव्हतं का बंद असला का त्या डक्टमधून वरचं सारं बोलनं खालतं येते, समोर बसून बोलल्यावानी.

"काकू, कूलर होय हा. आंब्याची पेटी नाई. हे तनस काहीले आनलं?"

"फयवाल्याच्या गाड्यावरून आनलं. त्याच्या पेटीतलंच हाय. तू टिन काप."

"कुठी?"

"कूलरमधून निंगते तठीच. वीतभर काढून टाक."

"अन् वारा गळन तो?"

"गयत नाई. ही बाही घाल दोनी तोंडावर अन् पट्टीनं कस. पाह्य, पंखा हालते, पंख्यानं कूलर हालते, कूलरनं तुहं टिन हालते, टिनानं माह्या सुनेची जायी हालते. टिनाले टिन लागू देऊ नको. आमी फयाले उघडी फयी लागू देत नाई, मधी तनस घालतो. मंग ट्रक कितीबी खड्ड्यातून जाओ, पेटीत फय वाजत नाई."

थोडा वेळ नुसता टिन कापाचा आवाज. मंग मिस्तरी म्हने, "तसं पाह्यलं तं... कूलरच्या पायाखाली बी टायरचे तुकडे टाकू काय?"

"हे तू गुरुवारी काहून नाई म्हनला?"

"गुरुवारी तुमी माह्या बायकोवर गेल्या."

मी खालतं पदर तोंडात घालून हासली. बाळंतीन झाल्यापासून पयल्यांदा हासली असन. टाके वढले.

मंग टिन भिंतीतून जाते तठली फट भराचं काम. मिस्तरी भरत होता. आत्याबाई म्हने, "ठासू नको. ठासलं का दबते, दबलं का पुन्हा वाजते. हलकं खोच. हात काढ, मी दाखवतो." मले काही दिसत नव्हतं, पन टिनावर बोटं वाजाचा आवाज येये, टक टक, थांबून टक टक, अन् दरवेळी तो आवाज बसका होत चालला. त्या बोटानं ठोकून ऐकत होत्या, खोचत होत्या, पुन्हा ठोकत होत्या. साठीची बाई, सहावीत शाळा सोडलेली, तापल्या गच्चीवर टिनाले कान लावून. कोनत्या हाताले काय शिकवलेलं कुठी कामात येते, पाहा. वीस वर्ष त्यायनं पेट्या भरल्या अन् या घरात कोनी त्यायले कधी इचारलं नव्हतं का तुमाले काय काय येते. मी बी नाई.

"काकू," मिस्तरी वरतून म्हने, "सीझनमधी माह्यासंगं चाला. दोघं मिळून धंदा करू."

"तुह्या मिशीची मेंदी पाहून गिऱ्हाईक पयून जाईन."

खालतं येऊन त्यायनं जाळीकडं पाह्यलं. पट्ट्या एकाजोळ एक, दाट. त्यायनं दोन बोटं आडवी धरून मोजल्यावानी केलं अन् मिस्तरीले म्हनलं, "एक सोडून एक काढ." मिस्तरीनं या डाव काही इचारलं नाई. पक्कड घेतली अन् काढल्या. राह्यल्या त्या पट्ट्यायच्या टोकाले आत्याबाईनं जुन्या सुती पातळाच्या पट्ट्या गुंडाळल्या. मंग मिस्तरी बाहेर जाऊन बसला, दार लोटून घेतलं, अन् आत्याबाईनं बटन दाबलं.

मी डोळे मिटून घेतले होते.

आवाज आला, पन कसा, शेजारच्या घरी कोनी नळ बारीक सोडून ठेवला असन तेवढा. सूऽ असा, एका सुराचा. त्यात काही चढत नव्हतं, काही आपटत नव्हतं. पोरगी चुळबुळ करून राहिली होती, मी तिले लावलं. हात फेकले नाई तिनं. वढत राह्यली. मी मान खालतं घातली अन् मंग आला तो. क्. मी सास धरला. वढ, वढ, क्. वढ, वढ, क्. इतका बारीक, कोनी अंगठ्याच्या नखानं कागद टोचावा तसा. तो बाहेरून येऊन राहिला का माह्या अंगातून, मले समजे नाई.

"आत्याबाई, इकडं या."

त्या आल्या, वाकल्या, कान तिच्या गालाजोळ आनला. त्यायच्या केसाले उन्हाचा अन् तनसाचा वास येत होता. लय वेळ तशाच वाकून राह्यल्या. मले वाटलं कंबर धरली का काय.

"पिऊन राहिली वं," त्या म्हनल्या. असा आवाज त्यायचा मी कधी ऐकला नव्हता, त्या लहान्या पोरीवानी बोलल्या. मंग लगेच सरळ झाल्या अन् बाहेर जाऊन मिस्तरीवर वरडल्या, चहा थंडा झाला तरी पेत काहून नाई म्हनून.

शनिवार, रविवार मी घोट मोजत राह्यली. बोटावर मोजाचे, बोटं पुरले नाई तं पेऱ्यावर. आत्याबाई दर घंट्याले दारातून डोकं घालून इचारत, "डोकं दुखते का?" नाई म्हनलं तरी कपाळाले हात लावून पाहत. शनिवारी हे हापिसातून दोनदा घरी आले, काही इसरलं म्हने. काहीच इसरलं नव्हतं. जाळीखाली उभे राहून हात वर करून वारा पाहत अन् निंगून जात.

सोमवारी ऑटोनं दवाखान्यात गेलो. रांगेत आमचा नंबर आला तं आत्याबाई म्हनल्या, "वाये काढ पायातले."

मी म्हनलं, "राहू द्या ना." चांदीचे होते, लहानेच, पन जड. थोडं बी वजन वाढलेलं दिसलं तं तेवढीच पेटी टळन, असं माह्या मनात होतं. त्यायनं ते वळखलं.

"काट्याले फसवशीन. लेकराले काय फसवशीन?" अन् वाळे काढून आपल्या मुठीत घेतले. झबलं बी काढाले लावलं. मंग नर्सबाईले म्हनल्या, "बाई, काटा झिरोवर हाय का?"

"आजी, आम्ही रोज बाळंच मोजतो."

"मोजा ना. पन झिरो दाखवा."

नर्सबाईनं तोंड वाकडं केलं अन् बटन दाबलं. झिरो आला. आत्याबाईनं वाकून पाह्यला, मंग मान हालवली, आता ठेव म्हनून. मी पोरगी ठेवली. ती उघड्या टिनावर हातपाय झाडून राहिली, आकडे नाचून राहिले, वर जाये, खालतं येये, मले ते वाचताच येये नाई, डोळे भरून आले. नर्सबाईनं तिच्या पोटावर हलका हात ठेवला, काढला. आकडे थांबले.

"एक किलो आठशे नव्वद," नर्सबाई म्हने. "वाढलंय."

डॉक्टरीनबाईनं पाह्यलं, कार्डावर लिहिलं, मले इचारलं, "घोट ऐकू येतात ना?" मी मान हालवली. "मग घरी न्या. पंधरा दिवसांनी या." आत्याबाईनं त्यायले इचारलं, "हिचे कान मोकये ठेवले मी. चालते ना?" डॉक्टरीनबाई म्हने, "मोकळेच ठेवा." आत्याबाईनं मोठा सास सोडला. मले वाटते त्या वजनापेक्षा त्यायले या उत्तराचं भेव जास्ती होतं.

ऑटोत बसलो. पोरगी भुकेजली होती, मी पदराखाली घेतली. आत्याबाईनं ते कार्ड उघडलं, उलटं-सुलटं केलं अन् मले देल्लं. "वाच."

"एक किलो आठशे नव्वद."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. राजापेठेत शिरलो होतो, चारीकडून हॉर्न, एक ट्रक आमच्या बाजूनंच भोंगा वाजवत गेला. पोरगीनं एक हात हालवला अन् पेतच राह्यली.

ऑटोवाल्यानं मांगं वळून इचारलं, "नातू का काकू?"

"नात," आत्याबाई म्हनल्या. "तू समोर पाह्य. अन् गाडी हयू चालव, जेऊन राहिली ती."